बोळका मामा

गफूरभाई मन्याराच्या तोंडात एकही दात नव्हता आणि त्याचं कारण त्याने मला दरवेळी वेगळं सांगितलं. एकदा म्हणाला, रिसोडच्या बाजारात खेचराने लाथ मारली. एकदा म्हणाला, कारंज्याच्या एका हकिमाने दुखरा दात काढायला घेतला, पण दुखरा नेमका कोणता हे त्याला शेवटच्या दाताला कळलं. तिसऱ्यांदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, चार लग्नात गेले, बाकीचे संसारात. आता तुमी एकेकाचा पत्ता कायले पुसता?" खरं कारण गुडाखू, म्हणजे दातांना घासायची तंबाखू असणार, कारण त्याची डबी कायम त्याच्या कमरेला असायची. दातच नाहीत तर आता ती लावता कुठे, असं विचारलं की तो बोळकं पसरून म्हणायचा, "जागा तं हाय ना!"

मन्यार म्हणजे बांगड्या भरणारा. घर शेलूबाजारला, आणि तिथून आसपासची सात-आठ गावं तो पायी फिरायचा. त्याच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. मागे लाकडी पेटी, दांडीला बांगड्यांच्या माळा, आणि आमचा रस्ता असा की बैलसुद्धा शिव्या देत चालत असतील. सायकलवर बसला असता तर अर्धा माल वाटेतच फुटला असता. म्हणून तो ती ढकलत न्यायचा. "मंग सायकल ठेवली कायले?" असं कोणी छेडलं की म्हणायचा, "पेटीले पाय नाहीत म्हनून."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आमचा जिल्हा तेव्हा अकोला. वाशीम हे तालुक्याचं गाव. मी आमच्याच गावच्या शाळेत शिकवायची. बौद्ध वस्तीतली पहिली नोकरदार सून, त्यामुळे सगळं गाव मला मास्तरीणबाई म्हणायचं आणि वस्तीतल्या बाया माझ्या पदराला किती टाचण्या आहेत ते मोजायच्या. आमचे हे अकोल्याला एका कचेरीत कारकून होते. शनिवारी यायचे, रविवारी झोपायचे आणि सोमवारी पहाटे जायचे.

गफूरभाईच्या आधी आमच्या वस्तीत दुसरा एक बांगडीवाला यायचा. तो बांगड्या ओट्यावर ठेवून दोन हात लांब उभा राहायचा आणि म्हणायचा, तुमच्या तुम्ही भरून घ्या. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गफूरभाई पहिल्या दिवशी आला तो सरळ माझ्या सासूबाईंच्या पुढ्यात फतकल मारून बसला आणि म्हणाला, "आना इकडं हात." सासूबाई दचकल्या. त्याने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, पंजा दाबून पाहिला आणि म्हणाला, "लय काम केलं ह्या हातानं. दोन बांगड्या माह्याकडून." त्या दिवशी सासूबाई संध्याकाळपर्यंत कोणाशी भांडल्या नाहीत. मलाही ते फार भिडलं होतं, आणि अजून आठवलं की भिडतं.

मन्याराला बायका भाऊ मानतात. मानावंच लागतं, कारण नवऱ्यावाचून दुसरा कोणता पुरुष चारचौघांत बाईचा हात धरतो? गफूरभाईने ही गोष्ट फार मनावर घेतली होती. सात-आठ गावांतल्या यच्चयावत बाया त्याच्या बहिणी, म्हणजे त्यांची सगळी पोरं त्याची भाची. वस्तीत सायकल शिरली की पोरांचा गलका व्हायचा, "बोळका मामा आला, बोळका मामा आला!" आणि तोही हाळी द्यायचा, "या रे बाप्पा, मामा फाटका हाय, पन मोठा हाय!"

बांगडी भरताना त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. आधी साबणाच्या वडीने स्वतःचे हात धुवायचे, मग बाईच्या हाताला साबण लावायचा, पंजा चेपत चेपत नरम करायचा आणि मधेच एखादा भलता सवाल टाकायचा. सासू शेजारीच बसलेली असली तर तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारायचा, "सासू कशी हाय वो?" बिचारी सून पदरात हसू दाबायला जायची आणि तेवढ्यात बांगडी अंगठ्याच्या हाडावरून मनगटात गेलेली असायची. "बाई हसली का हाड सैल होते," तो म्हणायचा. "रागावली तं काच फुटते, आन् थे माह्या अंगावर." अडीचच्या मापाचा हात सव्वादोनच्या बांगडीत घातला असं त्याच्याबद्दल सांगत. मी पाहिलेलं नाही, पण खोटंही म्हणणार नाही.

आता त्याच्या डब्याबद्दल सांगते, कारण सगळं त्या डब्यावरच आहे.

दात नसल्यामुळे त्याला भाकर चालत नसे. त्याची बायको खुर्शीदबी रोज सकाळी ज्वारीच्या कण्या मुगाच्या डाळीत पार गाळ होईपर्यंत शिजवायची, त्यात थोडा गूळ टाकायची आणि जर्मलच्या डब्यात भरून द्यायची. गफूरभाईचं दुपारचं जेवण ते. आणि बांगड्या भरायला बसलेल्या बायांच्या मांडीवर हटकून एखादं लेकरू असायचंच. ते बांगड्या ओढायचं, रडायचं, आईचा हात खेचायचं. अशा वेळी गफूरभाई डबा उघडायचा, बोटावर जरासा गाळ घ्यायचा आणि लेकराच्या ओठाला लावायचा. लेकरू मिटक्या मारत गप्प बसायचं. यात पुण्यबिण्य काही नव्हतं. त्याने मला स्वच्छ सांगितलं होतं, "लेकराचं तोंड गुतलं का मायचे दोनी हात मोकळे. दोन डझन आरामात जाते."

पण हळूहळू तो त्या बोटासाठीच ओळखला जाऊ लागला. आमच्याकडे लेकराच्या तोंडात अन्नाचा कण घालायला भारी अडचणी असत. कोणाला मामा यायचा असे, कोणाला चांदीची वाटी. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हाताऱ्यांची, की दात आल्याशिवाय खाईल कसं? वर्षवर्ष लेकरं नुसत्या दुधावर काढत आणि ते दूधही बहुतेक पाणीच असे. या म्हाताऱ्यांसाठी गफूरभाईकडे एक उत्तर होतं. तो त्यांच्यापुढे जाऊन आ करायचा. अगदी घसा दिसेपर्यंत. "पाह्य माय. मी पन्नास वर्साचं बोळकं. दोन टाइम जेवतो, वरून तुह्याशी भांडतो. हे सा महिन्याचं बोळकं. मले चालते तं याले काहून नाई?" म्हातारी तोंड फिरवायची, पण लेकरू ओढून घ्यायची नाही.

एकदा मात्र मामा चांगलाच फसला. खुर्शीदबीचं आणि त्याचं सकाळी काहीतरी वाजलं होतं. तिने तोंडाने काही न बोलता कण्यांमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा कालवून डबा हातात दिला. भांडण तिच्या बाजूने तिथे मिटलं. गफूरभाईने दुपारी डबा उघडला आणि नेहमीसारखं पहिलं बोट एका सात महिन्यांच्या पोराच्या तोंडात घातलं. ते पोरगं असं किंचाळलं की शाळेत मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. पोराची आजी लाटणं घेऊन धावली. मामा सायकल टाकून पळाला; सायकल आम्ही शाळेच्या पडवीत ठेवून घेतली. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा आधी त्या आजीला चार हिरव्या बांगड्या फुकट भरल्या आणि मग तिच्यासमोर डब्यातला गाळ स्वतः चाखून दाखवला. तेव्हापासून आधी आपण चाखल्याशिवाय त्याने कोणत्याही लेकराला बोट लावलं नाही. "बायकोचा भरोसा हाय," तो म्हणायचा, "पन बायकोच्या रागाचा नाई."

पाटलांकडच्या उष्टावणाला तर मी स्वतः होते. नातवाचा मामा अमरावतीहून फेटा बांधून आला होता. चांदीची वाटी, केशराची खीर, पाटावर पोरगं. आणि पोराने तोंड जे मिटलं ते कुलूप लावल्यासारखं. मामाने "आ कर राजा" म्हटलं, आजीने घंटी वाजवली, पाटलांनी स्वतः आ करून दाखवला. पोरगं ढिम्म. गफूरभाई अंगणात बायांना बांगड्या भरत होता. हातातला हात न सोडता तो तिथूनच मामाच्या खांद्यावरून पोराकडे बघू लागला आणि त्याने आपले दोन्ही ओठ आत ओढून घेतले. हे त्याचं हुकमी तोंड होतं. नाक हनुवटीला टेकायचं आणि सगळा चेहरा पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा व्हायचा. पोरगं खदखदून हसलं, मामाने चमचा आत सारला, टाळ्या पडल्या. सगळ्यांनी मामाच्या हाताला यश आहे असं म्हटलं. मामालाही ते पटलं. गफूरभाई मला हळूच म्हणाला, "फेटा थ्याचा, तोंड माह्यं."

आता माझ्या सुजाताचं सांगते. हे सांगताना मला आजही स्वतःची लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय गफूरभाई पुरा होत नाही.

माझ्या सासऱ्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्याच आठवड्यात घरातला देव्हारा मोकळा केला. नवस, गंडेदोरे, मुहूर्त, सगळं बंद. लोक मुहूर्त काढायला लागले की आबा म्हणायचे, "भूक लागाले मुहूर्त लागते का?" मला शिकलेली म्हणून सून करून आणलं तेही त्यांनीच, आणि नोकरी करू दिली तीही त्यांनीच. असा माणूस. त्यांच्या शब्दाबाहेर वस्ती नव्हती, कारण ते आधी स्वतः पाळायचे.

नातीचं नाव त्यांनीच ठेवलं, सुजाता. भगवान बुद्धांना खीर देणारी ती सुजाता. पोरगी आषाढात झाली. पौषात सहा महिन्यांची झाली तेव्हा प्रश्न उभा राहिला, पहिला घास कसा द्यायचा? जुनं उष्टावण तर करायचं नव्हतं, आणि सासूबाईंच्या मनात असलं तरी मला भाऊच नसल्यामुळे मामा कुठून आणणार होत्या? बरं, नवीन पद्धत काय, ते लग्नाचं ठरलं होतं, नामकरणाचं ठरलं होतं, पण या घासाचं कोणी लिहून दिलेलं आबांच्या पाहण्यात नव्हतं. त्यांनी अकोल्याच्या विहारातल्या भंतेजींना कार्ड टाकलं. उत्तर आलं की वैशाख पौर्णिमेला तुमच्या गावी येणारच आहे, तेव्हा खीर देऊ. झालं. आबांनी ते कार्ड भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीमागे खोचलं आणि वैशाखापर्यंत पोरीच्या तोंडात अन्न जायचं नाही हे ठरून गेलं. सुजाता नावाच्या पोरीला खिरीसाठी चार महिने थांबायला लावणारं घर जगात आमचंच असेल.

मी दिवसभर शाळेत. माझं दूध आटत चाललं होतं. घरी शेळीचं दूध, तेही पाणी घालून पुरवलेलं. पोरगी आधी किरकिर करायची, मग तीही करेनाशी झाली. बसवली तर कलंडायची. आणि मी? मी पाचवीच्या पोरांकडून 'आपला आहार' हा धडा घोकून घेत होते. घरी येऊन आबांसमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढत होते. आबांचे माझ्यावर उपकार होते, आणि उपकारापुढे माझं तोंड उघडत नव्हतं. मला दिसत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. मला दिसत होतं.

गफूरभाई त्या वर्षी दोन-तीन महिने आला नाही. शिरपूरच्या यात्रेत दुकान लावलं, तिथून आला तो तापाने अंथरुणाला खिळला. होळीनंतर एका रविवारी आला. आमचे हे आत झोपले होते. आबा ओसरीवर बाजेवर बसून पेपर वाचत होते. सुजाता माझ्या मांडीवर होती. गफूरभाईने माझा हात घेतला, दाबला, आणि नेहमीचा भलता सवाल टाकायच्या ऐवजी पंजा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "बाई, हात उतरला तुमचा."

मग त्याने सुजाताचा हात धरला. चौथ्या महिन्यात त्यानेच तिच्या हातात काळी काचेची बाळबांगडी घातली होती. त्या वेळी तिच्या मनगटाला अशी वळी होती की बांगडी तिथेच रुतून बसली होती. गफूरभाईने ती बांगडी एका बोटाने वर सरकवली. ती मनगटावरून पुढे गेली. कोपरापर्यंत गेली. कोपराशीही अडली नाही. वर सरकत पार काखेत जाऊन थांबली.

गफूरभाई त्या बांगडीकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली.

"आबा, हे पोट्टी खाते काय?"

"दूध पेते," आबा पेपरमधून म्हणाले. "वैशाख पौर्णिमेले खीर देनार हावो. भंतेजी येऊन राह्यले."

"पौर्णिमा कवा हाय?"

"दीड-दोन महिने हायेत."

"आन् हिले भूक कवा लागते?"

आबांनी पेपर खाली ठेवला. "गफूर, हा धम्माचा विषय हाय. तुले नाई समजनार. जुने मुहूर्ताचे धंदे आमी कवाचे सोडले."

"सोडले ना? मंग हे काय हाय?" गफूरभाई म्हणाला. "मुहूर्त सोडला म्हंता आन् पौर्णिमा धरून बसले. थ्या सुजाताबाईनं खीर देल्ली, थे काय पंचांग पाहून देल्ली का?"

"पौर्णिमाच होती थे!" आबा ओरडले. "वैशाख पौर्णिमाच होती!"

"असन," गफूरभाई म्हणाला. "पन तिनं उपाशी मानूस पाहून देल्ली का चांद पाहून?"

आबांनी बाजेवरून पाय खाली सोडले. आबांना असं बोललेलं त्या ओसरीने कधी ऐकलं नव्हतं. गफूरभाईचा आवाज मात्र खाली आला. "चांदाची वाट पाहाचं आमच्याहून जास्त कोनाले समजते आबा? तीस रोजे ठेवून आमी आभाळाकडं पाह्यतो. पन लेकराले रोजा नसते. कोन्याच धरमात नसते." आणि त्याने सुजाताचा हात उचलून ती काखेतली बांगडी आबांना दाखवली.

आबा उठून आत गेले. सासूबाईंना वाटलं काठी आणायला गेले. ते हातपाय धुऊन आले, तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "त्रिशरण झाल्याबिगर घास लावू नको." त्यांनी हात जोडून 'बुद्धं सरणं गच्छामि' असं तीन-तीनदा म्हणायचं ते त्रिशरण सुरू केलं. गफूरभाईने तोवर हात धुतले होते, डबा उघडला होता, स्वतः चाखलं होतं. आबा दुसऱ्यांदा शरण जाईपर्यंत सुजाताने पहिलं बोट चाटून संपवलं.

आणि थुंकून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "रडता काहून?" गफूरभाई म्हणाला. "आजवर जीभ भाईर ढकलालेच शिकली हाय थे. आत घेनं शिकवा लागते." मग त्याने ओठ आत ओढले, नाक हनुवटीला टेकवलं. कित्येक दिवसांत न हसलेली माझी पोरगी हसली. तोंड उघडलं तसा घास आत गेला. तिने तो जिभेवर घोळवला, भुवया वर केल्या आणि गिळला. तिने पुन्हा तोंड उघडलं ते आपणहून. आबांचं त्रिशरण संपलं होतं पण ते हात जोडूनच उभे होते, आणि त्यांचे ओठ नातीच्या ओठांबरोबर हलत होते.

जाताना गफूरभाईने मला दम भरला. "रोज. आधी दोन बोटं, मंग चार, मंग वाटी. आन् हे बांगडी काढू नका. ज्या दिवशी थे कोपराच्या खाली अडन, थ्या दिवशी मले सांगा." त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांनी तो यायचा आणि माझ्या हाताकडे न बघता आधी ती बांगडी सरकवून पाहायचा. सासूबाई रोज कण्या शिजवायच्या, आणि आबा रोज त्या चाखायचे. डॉक्टरचा काटा आमच्या गावात नव्हता. आमचा काटा ती काळी काच.

वैशाख पौर्णिमेला भंतेजी आले. सगळी वस्ती जमली. बांगडी तोवर कोपराच्या पुष्कळ खाली अडत होती. आबांनी गंभीर आवाजात सांगितलं की आज माझी नात जन्मातला पहिला घास घेणार. चमचा अजून वाटीतच होता, तर सुजाताने आ वासला. पहिला घास संपायच्या आत तिने वाटीवर हात मारला. "मोठी समजदार आहे," भंतेजी म्हणाले. कोणी हसलं नाही, कारण आबा सगळ्यांकडे बघत होते. शेवटच्या रांगेत गफूरभाई मांडी घालून बसला होता, त्याने तेवढा डोळा मारला. पुढे आबा वस्तीत प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगायला लागले, "सा महिने झाले का चालू करा, चांद पाहू नका." हे वाक्य आपलंच आहे असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं आणि गफूरभाईने कधी हरकत घेतली नाही.

मग चार-पाच वर्षांनी गफूरभाईला दात आले.

त्याचा मुलगा अकोल्याला नोकरीला लागला होता. आपल्या लग्नात बाप बोळका दिसू नये म्हणून त्याने बापाला नेऊन पुरी बत्तीशी बसवून आणली. पांढरीशुभ्र, एका ओळीत, आणि मापाने एखादा आकडा मोठी. गफूरभाई वस्तीत आला तेव्हा आधी कोणी ओळखलंच नाही. त्याचं बोलणं शीळ घातल्यासारखं यायचं. भाकर खातो म्हणून दोन दिवस मिरवला, तिसऱ्या दिवशी हिरड्या सोलल्या. सगळ्यात वाईट म्हणजे लेकरं त्याला पाहून भोकाड पसरायला लागली. ते हुकमी तोंड होईना, कारण ओठ आत ओढायला मधे दातांची भिंत. डबा तर बंदच झाला. मुलाने आईला बजावलं होतं की अब्बाला आता माणसांसारखं जेवू दे. "दातानं इज्जत आली बाई," तो मला म्हणाला, "आन् भाचे गेले." हसत म्हणाला, पण त्याला ते खुपत होतं हे मला दिसलं.

काही दिवस त्याने चोरून काढून ठेवायची युक्ती केली. पेटीत, बांगड्यांच्या कप्प्यात. एकदा माझ्याच शेजारणीने लाल बांगड्या निवडायला पेटीत हात घातला आणि बत्तीशी हातात आली. ती बाई दोन दिवस जेवली नाही. गोष्ट घरी पोचली आणि तेव्हापासून खुर्शीदबीची पेटीवरही नजर असायची.

त्याच सुमारास माझी बदली अकोल्याला झाली. आबा तोवर गेले होते. आम्ही सामान आधीच पाठवलं होतं. मी, सुजाता आणि तिचा आठ महिन्यांचा भाऊ राहुल शेलूबाजारला अकोल्याच्या बसमध्ये बसलो. राहुल सकाळपासून उपाशी. मी डब्यात मऊ खिचडी आणली होती, पण चमचा नेला की तो मान फिरवायचा. सगळी बस मला सल्ले देत होती.

"बाई! न सांगता चालले का?"

खिडकीखाली गफूरभाई उभा होता. धुतलेला पायजमा, टोपी, आणि ती बत्तीशी. राहुलने त्या दातांकडे पाहिलं आणि आणखी मोठ्याने रडायला लागला. गफूरभाईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, घरातलं कोणी नाही याची खात्री केली, आणि बत्तीशी काढून रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. "धरा जराक." मग थांब्यावरच्या चहावाल्याच्या लोट्यातल्या पाण्याने बोटं धुतली, खिडकीतून हात आत घातला, माझ्या डब्यातली खिचडी चाखली, "मीठ कमी हाय" म्हणाला, आणि ओठ आत ओढले.

राहुल रडता रडता थांबला. मग हसला. बोट आत गेलं. दुसरं बोट, तिसरं बोट. सुजाता माझ्या खांद्यावरून वाकून तिचा मामा बघत होती आणि त्याच्याबरोबर आपलेही ओठ आत ओढत होती. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा राहुल सहावा की सातवा घास खात होता. गफूरभाईने चालत्या बसबरोबर चार पावलं टाकून तोही भरवला आणि हात बाहेर काढला.

बस वळणाला आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठीत रुमाल आहे.

"थांबवा! थांबवा वो, राहिले!"

"काय राह्यलं बाई?" कंडक्टर म्हणाला.

"दात!"

"कोनाचे?"

सगळी बस हसायला लागली. मी खिडकीतून हात बाहेर काढून रुमाल हलवला. मागे रस्त्यात गफूरभाई उभा होता. त्याने रुमाल पाहिला. तो पळत येईल असं मला वाटलं, पण तो जागचा हलला नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि जा जा म्हणून हलवले, आणि बोळकं पसरून एवढा हसला की धुळीतूनही मला त्याचा घसा दिसला.

त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. बत्तीशी परत पाठवते, असा निरोप मी त्या रस्त्याच्या कंडक्टरबरोबर दिला होता. पंधरा दिवसांनी तोच कंडक्टर उत्तर घेऊन आला.

"गफूरभाई म्हंते, दात धाडू नका. पोराले सांगतलं का बसमंधी पडले. डबा पुन्हा चालू झाला."